पार्सली उगवली नाही? क्रेट उपडं करू नका



या आठवड्यात दोन ताईंचे मेसेज आले. परसबागेत पार्सली टाकली, एकही कोंब नाही, बी खराब दिसतंय. टाकून किती दिवस झाले विचारलं, तर एकीला 12 आणि दुसरीला 14.

ताई, अजून थांबा. पार्सली कोथिंबिरीच्याच कुळातली, पण कोथिंबीर 8-10 दिवसांत वर येते आणि पार्सलीला 3 ते 4 आठवडे लागतात. मी स्वतः पहिल्या वर्षी 15व्या दिवशी कुंडी उपडी केली होती. मातीत पांढऱ्या मुळ्या सुटलेल्या निघाल्या!

आता ज्यांना टाकायची आहे त्यांच्यासाठी. बी ताजं घ्या, जुनं बी कमी उगवतं. साधं बी असेल तर एक दिवस-रात्र पाण्यात भिजवा आणि पाणी दोनदा बदला. रंगीत औषध लावलेलं बी मात्र न भिजवता टाका, हात साबणाने धुवा.

टोमॅटोचं रिकामं क्रेट घ्या, आत गोणपाट अंथरा. सोटमूळ खोल जातं, म्हणून उथळ ट्रे नको. नुसती काळी माती भरली तर वर पापडी धरते आणि बारीक कोंब खालीच अडकतो. निम्मी माती, निम्मं गांडूळखत-कोकोपीट असं भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून वर ओलं गोणपाट ठेवा. महिनाभर रोज झारीने पाणी. मध्ये एकदा जरी वाळलं तरी सुटलेला कोंब मरतो. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढा.

शेतातल्या मातीत गाजरगवतही उगवतं. लांब, अरुंद जोडपान पार्सलीचं. बुटकं, गोलसर गाजरगवताचं. निंदताना उलटं करू नका.

आपल्याकडची थंडी हिला मानवते. ज्या थंडीत आपण बागेत शेकोट्या पेटवतो, तिने पार्सलीचं काही बिघडत नाही. उन्हाळ्यात सावलीत हलवा. अडीच-तीन महिन्यांनी बाहेरचे देठ बुडापासून तोडा, मधला गाभा ठेवा.

*सगळ्यात महत्त्वाचं:* ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीच्या फवारण्या सुरू आहेत. घर बागेला लागून असेल तर ब्लोअरचा फवारा परसबागेपर्यंत येतो. ही पानं आपण कच्ची खातो, मुलंही खातात. औषधाच्या डब्यावरचे थांबायचे दिवस द्राक्षासाठी आहेत, पार्सली-कोथिंबिरीसाठी नाहीत. फवारणीआधी क्रेट उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा (क्रेट सुचवलं ते यासाठीच). फवारा पडलाच, तर ती पानं कापून टाका. धुऊन खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

विकायला लावायचा विचार असेल, तर आधी माल घेणारा पक्का करा, मग बी आणा.

30 दिवस होऊनही कोंब नसेल तर क्रेटचा आणि बियांच्या पाकिटाचा फोटो याच नंबरवर पाठवा.