गाईच्या हृदयाचा डॉक्टर कोणता?

प्रश्न : माझी पुतणी पशुवैद्यकाची पदवी घेऊन आता एमव्हीएस्सीला जायचं म्हणते. साडेपाच वर्षं शिकून डॉक्टर झाल्यावर आणखी दोन वर्षं शिकण्यासारखं काय उरतं? माणसांत हृदयाचे, किडनीचे वेगळे डॉक्टर असतात, तसे गुरांतही असतात का?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या हृदयाचे रीतसर तज्ज्ञ आहेत. आपल्या एमव्हीएस्सीत मात्र वाटणी अवयवांवरून होत नाही, जनावरांवरूनही फारशी नाही. कोंबड्यांचा विषय तेवढा वेगळा. औषधवैद्यक, शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र, प्रजनन व प्रसूतिशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, आनुवंशिकी अशा त्या शाखा.

ही वाटणी जुनाट वाटत असेल तर गाईच्या हृदयाचा एक नेहमीचा आजार पाहा. गाय चारा नीट चावत बसत नाही. आधी गिळते, मग निवांत रवंथ करते. त्यामुळे कडबाकुट्टीतून आलेला तारेचा तुकडा, खिळा, टायर जाळल्यावर उरलेली बारीक तार घासाबरोबर सरळ पोटात जाते आणि जाळीपोट नावाच्या कप्प्यात जाऊन बसते. जाळीपोट छातीच्या पडद्याला टेकलेलं, आणि पडद्याच्या पलीकडे लगेच हृदय. पोट आकुंचन पावलं की तार पुढे सरकते. गाभण गाईचे दिवस भरत आले असले तर वाढलेल्या गर्भाशयाचा रेटाही त्यात भर घालतो. तार हृदयाच्या आवरणात शिरली की तिथे पू धरतो. दूध एकाएकी आटतं. गाय कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावर पाऊल टाकायला कचरते. मानेची शीर तट्ट फुगते, गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरतं आणि स्टेथोस्कोप लावला तर पखालीत पाणी डचमळल्यासारखा आवाज येतो.

आता ही केस कोणाची? खांद्यामागे पाठ चिमटीत दाबली की धडधाकट गाय पाठ खाली झुकवते. ही झुकवत नाही, कण्हते. हे ओळखणारा औषधवैद्यकाचा माणूस. तार दाखवणारा क्ष-किरणवाला. वेळेत कळलं तर शल्यचिकित्सक गाईला उभीच ठेवून डावी कूस बधिर करतो, कोठीपोट हा शेजारचा कप्पा उघडतो आणि हात पार आत घालून जाळीपोटातली तार चाचपून काढतो. हृदयाभोवती पू झाल्यावर मात्र गाय क्वचितच वाचते. नुसता हृदयाचा तज्ज्ञ इथे पोचेपर्यंत उशीरच झालेला असायचा. (चुंबक आधीच गिळवला तर तो जाळीपोटात राहून तारा धरून ठेवतो. तांब्याची तार मात्र त्याला जुमानत नाही.)

आता पहिला प्रश्न. पदवीला वरचं सगळं थोडं थोडं शिकवतात. एमव्हीएस्सीत एक शाखा, एक मार्गदर्शक, चार सत्रं आणि शेवटी प्रबंध. गाय उलटली, म्हणजे रेतनानंतर पुन्हा माजावर आली, तर पदवीधर डॉक्टर तिच्यावर उपचार करतो. प्रजननशास्त्राचा विद्यार्थी तीन-तीनदा रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या गाई गोठ्यागोठ्यांतून शोधतो, रक्ताचे नमुने घेतो, सोनोग्राफी करतो आणि दोष माज ओळखण्यात आहे, गर्भाशयात आहे की खाद्यात, हे नोंदींवरून ताडून पाहतो.

जिवंत जनावराला क्वचितच हात लावणाऱ्या शाखा दुय्यम, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो साफ चुकीचा वाटतो. गिधाडं पटापट का मरतात याचा छडा मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनातूनच लागला. त्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडला, आणि गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याच्या मुळाशी असल्याचं लिंडसे ओक्स या पशुवैद्यक शास्त्रज्ञाने व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून दाखवलं. 2006 मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली.

पुतणीला पशुधन विकास अधिकारी व्हायचं असेल तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला पदवी पुरते. प्राध्यापकी किंवा संशोधन करायचं तर एमव्हीएस्सी हवीच. राज्यात परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही महाविद्यालयं आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. बाहेर जायची तयारी असेल तर बरेलीजवळची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिचा जन्म मात्र 1889 मध्ये पुण्यातला.

कुत्र्या-मांजरांचं काम हवं असेल तर परळ बरं, तिथे आवारातच मोठं रुग्णालय आहे. गाई-बैलांत रमणारी असेल तर उदगीरचा विचार करावा. देवणी गाय तिथे दाराशीच. पण अर्ज भरण्याआधी तिने त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना गाठावं आणि मार्गदर्शक केस स्वतः हाताळू देतात की नुसते नमुने गोळा करायला पाठवतात, एवढं विचारून घ्यावं.