घरातली बिनतारी पेटी

वारणानगर आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्या भागात 1998 साली एक योजना सुरू झाली. कोल्हापूर-सांगलीकडच्या 70 गावांसाठी ती होती. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू. पण संगणक चालवणारा दुसराच असे. आपण नुसते विचारायचे.

आता इंटरनेट आपल्या घरात येते. तार पेटीपर्यंत येते. पुढे पेटी ते हवेतून मोबाईलला देते. यालाच वायफाय म्हणतात.

पेटी कुठे ठेवावी? घराच्या मध्यावर, उंच फळीवर. जाड भिंत आणि लोखंडी कपाट लहरींना अडवतात. म्हणून पेटी कपाटात कोंडू नये.

पेटीच्या पाठीवर नाव व परवलीचा शब्द छापलेला असतो. तो पहिल्यांदा जोडण्यापुरता. मग तो बदलावा. पेटीच्या कारभाराचा शब्द वेगळा असतो, तोही बदलावा.

का बरे? शब्द परक्याला कळला, तर तो आपल्या लायनीवरून वाईट काम करील. चौकशी मात्र आपल्या दारी येईल!

शब्द लांब असावा, निदान बारा अक्षरांचा. आपले नाव किंवा मोबाईलचा नंबर नको. इंग्रजी अक्षर अडले, तर लेकीला विचारावे. पेटी बसवणाऱ्याला सांगावे, “दादा, शब्द आमचा आम्हीच टाकतो.” त्यात लाज कसली? आपल्याला आता लिहिता येतंय की!

शब्द वहीत लिहून वही पेटीत ठेवू. घराची किल्ली आपण परक्याच्या हाती देतो का?