पंधरा वर्षांच्या पोराने काय केले?

"अजून मिसरूड फुटलं नाही, आणि निघाला गाव सुधारायला!" असे आपण पोरांना किती सहज म्हणतो! पोर काही सांगायला येते. आपण त्याला उडवून लावतो. ते गप्प बसते. पुढे तेच पोर पारावर रिकामे बसलेले दिसले, की आपणच त्याला बोल लावतो.

आज अशाच एका पोराची खरी गोष्ट वाचू. हा पोरगा दूरच्या मुलखातला. पण त्याचे काम आपल्या मुलखापर्यंत आले आहे.

फ्रान्स देशात पॅरिस शहराजवळ कुव्रे नावाचे खेडे आहे. तेथे १८०९ साली लुई ब्रेल जन्मला. बाप घोड्यांची खोगिरे बनवी. लुई तीन वर्षांचा होता. बापाच्या कामाच्या जागी तो खेळत होता. खेळता खेळता टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली. पुढे दुसरा डोळाही गेला. पोर पुरते आंधळे झाले.

आईबापांनी त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. गावच्या शाळेत घातले. दहाव्या वर्षी, १८१९ साली, तो पॅरिसला अंध मुलांच्या शाळेत गेला.

त्या शाळेत पुस्तके होती. कागदावर मोठी अक्षरे वर उठवलेली असत. मुले एकेक अक्षर बोटांनी चाचपून वाचत. पुस्तके जड होती आणि थोडी होती. वाचायला फार वेळ लागे. शिवाय मुलांना तशी अक्षरे आपल्या हाताने लिहिता येत नसत.

हे दुःख तुम्हाला वेगळे सांगायला नको. आपण दुसऱ्याकडून पत्र लिहून घेत होतो, तेव्हा मनातले सगळे सांगता येत होते का? जिभेवर आलेले किती शब्द आपण गिळले!

१८२१ साली शाळेला एक नवी लिपी कळली. शार्ल बार्बिये नावाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याने ती तयार केली होती. कागदावर टोचून उठवलेले ठिपके, अशी ती लिपी. कल्पना चांगली होती. पण एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत. बोटाच्या टोकाखाली ते मावत नसत.

लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला कोणी काम नेमून दिले नव्हते. पण अडचण त्याची स्वतःची होती, सोबत्यांचीही होती. तो कागद टोचून पाही, चाचपून पाही, पुन्हा टोची. १८२४ साली त्याला वाट सापडली. बाराऐवजी सहाच ठिपके! दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन. त्यांच्या मांडणीतून ६३ खुणा होतात. अक्षर बोटाखाली मावू लागले. अंध माणूस वाचू लागला, तसा लिहूही लागला. तेव्हा लुई पंधरा वर्षांचा होता.

मोठ्यांनी हे लगेच मानले असे नाही. पुढे काही वर्षे त्याच शाळेत या लिपीला मनाई होती. तरी मुले चोरून ती वापरत राहिली. लुई १८५२ साली वारला. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने ही लिपी मान्य केली. भारतात १९५१ साली आपल्या भाषांसाठी 'भारती ब्रेल' ठरली. आज मराठीही या सहा ठिपक्यांत लिहितात.

लुईने जग सुधारायचे म्हणून सुरुवात केली नाही. जे आपल्याला खुपते, तेच त्याने हाती घेतले. आपल्या पोरांनाही वाट अशीच सापडेल.

एखाद्या पोरीच्या आजीला औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येत नाही. ती पोरगी आजीला वाचून दाखवते. मग शेजारच्या चार म्हाताऱ्यांनाही वाचून दाखवील. एखाद्या पोराला हापशाभोवतीचा चिखल खुपतो. तो दोन सोबती घेऊन चर खणील आणि ते पाणी केळीच्या आळ्यात सोडील. एकाची वाट दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

मग आपण वडीलधाऱ्यांनी काय करायचे? पोरांना विचारायचे, "तुला काय खुपतं रे?" आणि सांगतील ते पुरते ऐकायचे. शाळा सांभाळून त्यांना तासभर मोकळा द्यायचा. पोरींनाही द्यायचा, धुणीभांडी एकट्या पोरीचीच नाहीत. पहिला बेत फसला, तर हसायचे नाही. लुईलाही तीन वर्षे लागली होती.

विचार करा आणि लिहा :
१. बार्बियेच्या लिपीत कोणती अडचण होती?
२. तुमच्या घरातल्या पोराला किंवा पोरीला गावातले काय खुपते? आज विचारा. उत्तर आपल्या हाताने वहीत लिहा.