तलफ, शपथ आणि उद्याचा दिवस

जिज्ञासू : सकाळी देवासमोर शपथ घेणारा माणूस संध्याकाळी पुन्हा गुत्त्यात दिसला, की घरच्यांना ती शपथ खोटीच वाटते. ती खरोखर खोटी असते का?

समुपदेशक : बहुतेक वेळा ती खरी असते, आणि ती खरी असूनही मोडते हेच समजून घ्यायला हवे. सुख जितके दूर, तितके त्याचे मोल मनाला कमी वाटते. या प्रवृत्तीला ‘विलंब-अवमूल्यन’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज एन्स्ली यांनी १९७५ मध्ये मांडले, की हे मोल सारख्या दराने बदलत नाही, तर सुख अगदी हाताशी आले की एकदम उसळते. म्हणून सकाळी दहाला, दारू अजून लांब असताना, मुलीची फी आणि टिकलेली नोकरी यांचे पारडे जड असते. सातला गुत्त्याच्या दारात तेच पारडे उलटते, आणि त्या क्षणी माणसाला ते उलटलेले जाणवतही नाही.

जिज्ञासू : पण असे प्रत्येकाचेच होते. व्यसनी माणसात वेगळे काय?

समुपदेशक : तीव्रता. हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उशिरा मिळणारे हजार डॉलर आणि लगेच मिळणारी छोटी रक्कम यांतून काल्पनिक निवड करायची होती. व्यसन नसलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या लेखी उशिराच्या रकमेचे मोल कितीतरी वेगाने घटले, आणि उशिरा मिळणाऱ्या हेरॉइनचे तर त्याहूनही वेगाने. शिवाय मेंदूतील डोपामिन हे रसायन सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीला अधिक प्रतिसाद देऊ लागते. चेताशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत, खुणेनंतर फळांचा रस मिळतो हे माकडे शिकली, तेव्हा डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशी रसाला नव्हे, तर खुणेलाच उद्दीपित होऊ लागल्या. पगाराचा दिवस, ठरावीक मित्राचा फोन, चकण्याचा वास या अशाच खुणा होत.

जिज्ञासू : मग ‘धीर धर, पुढे सगळे चांगले होईल’ हा उपदेश?

समुपदेशक : तो कळवळ्यातून येतो, पण ज्या माणसाला दूरचे सुख फिकेच दिसते त्याच्यासमोर तो आणखी एक दूरचे सुखच ठेवतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मद्यमुक्तीसाठीच्या संघटनेच्या परंपरेत म्हणूनच जन्मभराऐवजी आजच्या दिवसापुरते न पिण्यावर भर असतो. मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिगिन्स यांनी अमेरिकेतीलच व्हरमाँटमध्ये कोकेनच्या रुग्णांसाठी हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे वापरले : लघवीच्या तपासणीत कोकेन आढळले नाही की लगेच वस्तूंसाठी वापरता येणारे व्हाउचर मिळे, सलग यशाबरोबर त्याची किंमत वाढे आणि चुकल्यास ती पुन्हा पहिल्या पायरीवर येई. ही लाच नव्हे. तात्काळ सुखाची सवय झालेल्या मनाला आधी जवळचे, पण निरुपद्रवी सुख देऊन मग हळूहळू अंतर वाढवण्याची ती रीत आहे.

जिज्ञासू : घरात काय करता येईल?

समुपदेशक : सातचा निर्णय दहालाच घ्यावा : पगार परस्पर पत्नीच्या खात्यात जाईल, घरी येण्याचा रस्ता बदलेल, सहा ते आठ या वेळेत व्यसनमुक्त सोबती बरोबर असेल. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दारू एकाएकी बंद करू नये, कारण त्यातून झटके आणि भ्रम उद्भवून जिवावर बेतू शकते. दूरचे ध्येयही तपशिलाने जवळ आणता येते : ‘मुलीचे भविष्य’ या शब्दांपेक्षा येत्या शनिवारच्या पालकसभेला कोणता शर्ट घालायचा, किती वाजता निघायचे आणि शिक्षकांना काय विचारायचे, हे आदल्या दिवशी तिच्याशी बोलून ठरवणे अधिक उपयोगी पडते.