सेशन नोट्स शिकायला पैसे कुठे मोजावेत, कुठे वाचवावेत

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलामुलींच्या फोनवर हल्ली एक जाहिरात हटकून येते: दोन दिवसांत सेशन नोट्स लिहायला शिका, टेम्प्लेटचा संच भेट, सर्टिफिकेट लगेच. प्रॅक्टिकममधला पहिला क्लायंट उठून गेला की समोरच्या कोऱ्या कागदाची जी धास्ती वाटते, तिच्यावर हा धंदा चालतो. सगळी वर्कशॉप्स वाईट असतात असं नाही. पण खिशात हात घालण्याआधी फुकट काय मिळतं ते पाहून घ्यावं. या विषयात ते बरंच आहे.

टेम्प्लेट तर मुळीच विकत घेऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये त्याचे नियम आले. त्या नियमांतच नोंदींचे किमान नमुने छापलेले आहेत. बाह्यरुग्णासाठी वेगळा, दाखल रुग्णासाठी वेगळा, मानसशास्त्रीय तपासणीच्या अहवालासाठी वेगळा आणि थेरपीच्या सेशनसाठीही वेगळा. सेशनला कोण हजर होतं, उद्दिष्टं काय होती, कोणते विषय निघाले, कोणती तंत्रं वापरली, थेरपिस्टला काय जाणवलं, पुढे काय करायचं, हे सगळं त्यात आहे आणि शेवटी सुपरवायझरसाठी जागाही आहे. प्रिंटचे काय ते दहा-वीस रुपये.

सोप, डॅप, बर्प ही नोट्सच्या साच्यांची नावं वर्कशॉपवाले मंत्रासारखी म्हणतात. सोप म्हणजे चार कप्पे: क्लायंटने सांगितलेलं, आपण पाहिलेलं, त्यावरून काढलेला अंदाज आणि पुढची योजना. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात रुग्णनोंदींची जी पद्धत मांडली, तिच्यातून हे आलं. समजायला अर्धा तास पुरतो. कोणत्या कप्प्यात काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे मात्र महिनोन् महिने शिकावं लागतं.

निदानाच्या पुस्तकाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ ऑनलाइन मोफत पाहता येतं, आणि मानसिक आजारांची त्यातली सविस्तर वर्णनं २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही मोफत. डीएसएम महाग आहे. ते कॉलेजच्या ग्रंथालयात वाचा. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या प्रश्नावल्या वापरायला परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. बेकची डिप्रेशन इन्व्हेंटरी मात्र कॉपीराइटखाली विकली जाते. तिची झेरॉक्स सगळीकडे फिरते म्हणून ती फुकट होत नाही. संस्थेने विकत घेतलेला संच असेल तरच वापरा.

आता पैसे द्यायचेच असतील तर कशाला? माझ्या मते एकाच गोष्टीला: तुमची नोंद ओळ न् ओळ वाचून त्यावर लाल शाई चालवणाऱ्या अनुभवी माणसाला. एक काल्पनिक नोंद घेऊ. ‘क्लायंट खूप डिप्रेस्ड, सासूशी पटत नाही, समुपदेशन केले.’ नवशिका हे लिहून मोकळा होतो. यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. सुपरवायझर विचारतो: डिप्रेस्ड हे तिने म्हटलं की तू ठरवलंस? झोपेचं काय? समुपदेशन म्हणजे नेमकं काय केलंस? मरणाचे विचार येतात का, हे विचारलंस का? मग तीच नोंद अशी होते: ‘तीन आठवडे झोप तुटक, पहाटे तीनला जाग, जेवण निम्म्यावर. मरणाबद्दल विचारल्यावर: “कधीकधी वाटतं सुटले तर बरं, पण पोरं लहान आहेत.” बेत नाही, साधन जवळ ठेवलेलं नाही, पूर्वी प्रयत्न नाही. सुपरवायझरला त्याच दिवशी कळवलं. टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला. पुढची भेट सोमवारी.’ ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत ठेवायचं, मग बाकी नोंद इंग्रजीत असली तरी चालेल.

मरणाचे विचार लिहिले तर पोलीस केस होईल, या भीतीने काही विद्यार्थी तो भाग गाळतात. विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न करणाऱ्यावरही प्रचंड ताण होता असं गृहीत धरायचं, हे मानसिक आरोग्यसेवा कायद्याचंच कलम ११५ सांगतं. गाळलेली ओळ क्लायंटला धोक्यात घालते आणि तुम्हालाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मात्र पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत संमतीपत्रात लिहिलेली हवी. शिवाय मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ ने, काही अपवाद सोडून, रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे ‘हट्टी’, ‘नाटकी’ असले शब्द लिहिताना क्लायंट उद्या हे वाचेल एवढं डोक्यात असू द्या.

खासगी सुपरव्हिजनचा दर शहर आणि अनुभव पाहून बदलतो. समजा तासाला १५०० रुपये पडतात. चौघांनी मिळून घेतली तर प्रत्येकी ३७५. ठरवण्याआधी एवढंच विचारा: नोंदी आधी पाठवल्या तर वाचून याल का? बरेच जण केसवर गप्पा मारतात, छान मारतात, पण कागद उघडत नाहीत. त्याआधी कॉलेजलाही विचारा. प्रॅक्टिकमच्या फीमध्ये सुपरव्हिजन बहुधा धरलेली असते आणि ती कुणी मागत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत कॉलेजमार्फत जाता आलं, तर केस हिस्टरी आणि मानसिक स्थितीची तपासणी लिहिण्याचा जो सराव होतो, तो कुठल्याही वर्कशॉपात व्हायचा नाही.

इंटर्नशिपसाठी पैसे मागणारी ठिकाणंही आहेत. तिथे क्लायंट प्रत्यक्ष बघायला मिळणार की नुसती व्हिडिओ लेक्चरं, आणि नोंदींवर सही कोणाची, हे लेखी घ्या. सांगितलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का तेही. आणि सर्टिफिकेटचं म्हणाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी तिच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानेच होते. दोन दिवसांच्या कागदाचा तिथे उपयोग शून्य.

सगळ्यात मोठा खर्च वेळेचा, आणि तो कुणी जाहिरातीत लिहीत नाही. सुरुवातीला एका नोटला चाळीस मिनिटं सहज जातात. आठवड्याला सहा क्लायंट म्हणजे चार तास, आणि प्रत्येक नोट सेशनच्या दिवशीच लिहायला हवी. रविवारी एकदम लिहिलेल्या सहा नोट्स एकमेकींसारख्या दिसायला लागतात. सेशनचं शब्दशः लेखन त्याहून जड. तासाभराचं मराठी बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास लागतात. म्हणून सुपरवायझरशी बोलून दहा मिनिटांचाच तुकडा निवडा. रेकॉर्डिंगला लेखी संमती हवी आणि ते कधी पुसणार त्याची तारीखही.

वेळ वाचवतो म्हणून ऑडिओ ऐकून नोट्स करून देणारी ॲप्स आता आली आहेत. संस्थेची लेखी परवानगी आणि क्लायंटची संमती नसताना ती वापरू नका, चाचणी महिना मोफत असला तरी. नोंदी व्हॉट्सॲपवर पाठवणंही बंद करा; नावाऐवजी कोड, आणि कोडाची यादी संस्थेच्या कुलूपबंद कपाटात.

प्रॅक्टिकम संपल्यावर फायली संस्थेतच राहतात, त्यांची झेरॉक्स घरी आणायची नसते. तासांचं लॉगबुक मात्र तुमचं. त्यावर सही दर आठवड्याला घ्या, कारण सुपरवायझर नोकरी बदलतात आणि सहा महिन्यांनी जुन्या तासांवर सही करायला कोणी तयार होत नाही.