फुलं संपलेली शेवंती भंगारात काढू नका!

मागच्या व्हिडिओखाली नर्सरीवाल्यांचा एकच प्रश्न होता: फेब्रुवारी आला, शेवंतीची फुलं वाळली, गिऱ्हाईक कुंडीकडे बघतही नाही, आता या मालाचं काय करायचं?

आधी हिशेब करू. समजा तुमच्याकडे 20 कुंड्या उरल्या. पडत्या भावात 15 रुपयांनी काढल्या तर हातात 300 रुपये. आता त्याच ठेवल्या आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात निम्म्या मेल्या असं धरा. उरलेल्या 10 कुंड्यांतून प्रत्येकी चारच फुटवे निघाले, तरी 40 नवीन रोपं. 60 रुपयांनी विकली तर 2400. कुंडी, माती, पाणी, मजुरी मिळून रोपामागे 30 खर्च धरला, तरी 1200 उरतात. म्हणजे ती वाळकी कुंडी तुमचं बियाणं आहे.

काम कसं करायचं? फुलं गेली की झाड जमिनीपासून चार-पाच इंचांवर छाटा. सिकेटरला धार पाहिजे, आणि रोगट झाड कापल्यावर पातं स्पिरिटनं पुसायचं. बुडातून हिरवे फुटवे दिसतील, तेच जपायचे आहेत. मार्चपासून कुंड्या शेडनेटखाली घ्या. पाणी सकाळी द्या, पण कुंडीत साचू देऊ नका. आपली काळी माती एकटी भरली की पाणी धरते आणि मुळं कुजतात, त्यामुळे तिच्यात रेती आणि शेणखत मिसळा. इथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा झाडाकडून वाढीची अपेक्षा नको. जगलं म्हणजे झालं.

पाऊस स्थिरावला की फुटवे मुळांसकट वेगळे करून लावा. महिनाभरानं शेंडा खुडा, पुढे तीन आठवड्यांनी पुन्हा. ऑगस्टनंतर मात्र खुडणं बंद, नाहीतर कळ्याच तोडून टाकाल.

शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते, म्हणून ती थंडीत फुलते. तुमच्या नर्सरीवर रस्त्याचा दिवा रात्रभर पडत असेल तर तिथल्या कुंड्या हलवा. बरेच जण इथे खताला दोष देतात, आणि दोष असतो दिव्याचा.

आता एक सावधगिरी. सिकेटर हातात आली म्हणून सगळंच छाटत सुटू नका. मोगऱ्याची छाटणी थंडीतच उरकायची असते, कारण त्याचा बहर उन्हाळ्यात येतो. आता कापला तर हंगाम गेला. गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये. सध्या फक्त सुकलेली फुलं काढा. बोगनवेल फुलून गेल्यावर, पावसाच्या तोंडावर कापा. तिला फूल नव्या फांदीवर येतं.

यातून सेवेचा धंदाही निघतो बरं का. वर्धा, हिंगणघाट, आर्वीत बंगल्यांपुढे कुंड्या भरपूर आहेत, पण कोणतं झाड कधी कापायचं हे मालकाला ठाऊक नसतं. कुंडी विकतानाच वहीत नाव, फोन, झाडाचं नाव लिहून घ्या. छाटणीच्या महिन्यात फोन करा: "काकू, तुमची शेवंती छाटायची वेळ झाली, येऊ का?" फोन करण्याआधी दर ठरवून ठेवा, दारात घासाघीस नको. आणि छाटलेल्या झाडाचे जास्तीचे फुटवे पावसाळ्यात मागून घ्यायला विसरू नका.