घराचा श्वास

कॅनडातील रेजायना येथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत सहज उतरतो. खिडकी उघडली की ऊब गेली. बंद ठेवली तर हवा कोंदट! १९७७ साली तेथे बांधलेल्या एका प्रायोगिक घरात यासाठी उष्णता विनिमयक बसविला होता. अशा यंत्रात जाणारी ऊबदार हवा व येणारी थंड हवा पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतात. हवा मिसळत नाही, उष्णता मात्र पलीकडे जाते.

समजा, आत २० अंश आहेत आणि यंत्र ८० टक्के उष्णता परत मिळविते. मग ताजी हवा १२ अंशांवर आत येईल. आता येणाऱ्या वाटेवरील गाळणी धुळीने तुंबली. १०० भाग हवा बाहेर जाते, यंत्रातून ७० भागच येते. उरलेले ३० भाग फटींतून उणे २० अंशांवरच घुसतात. यंत्राने ७० भाग पुरे २० अंशांपर्यंत तापविले असे धरले, तरी सरासरी किती? करून पाहा: अवघे ८ अंश! शिवाय घरातील दाब घटल्याने शेगडीच्या धुराड्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड उलट आत येऊ शकतो, आणि हा धोका थंडीहून मोठा.

म्हणून आधी गाळण्या साफ करावयाच्या, मगच दोन्ही प्रवाह मोजून सारखे करावयाचे. तुंबलेल्या गाळणीवर जुळविलेला तोल ती साफ करताच बिघडतो.